म्हातारपण आणि तापलेलं छत

१. आधी रात्रीचं बघा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, त्याची आम्हाला सवय आहे. घात होतो तो रात्री. दिवसभर तापलेला स्लॅब दिवस मावळल्यावर तीच धग खोलीत सोडत राहतो. बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत भिंतीला हात लावला तर चटका. तरणं शरीर रात्रीतून सावरतं, म्हाताऱ्या माणसाला ती उसंतच मिळत नाही. आमच्या सासूबाईंची खाट उन्हाळाभर पश्चिमेच्या भिंतीपासून लांब असते.

२. खर्च करायचाच तर आधी छतावर करा. दरवर्षी पाडव्याच्या सुमारास आम्ही छताला चुन्याचे दोन हात देतो, लवकर सुटू नये म्हणून त्यात थोडा फेविकॉल घालतो. पांढरं छत ऊन परतवतं, काळं पडलेलं शोषतं. पावसाळ्यात बराच चुना धुऊन जातो, त्यामुळे हे काम वर्षाचंच. शहराच्या पूर्व भागात पत्र्याच्या घरांत विड्या वळत बसलेल्या आज्या पाहिल्या की वाटतं, एवढं तरी प्रत्येक घराला मिळावं. पत्र्याखाली थोडं अंतर ठेवून बांबूची चटई ताणली तरी मधल्या हवेमुळे धग कमी उतरते. अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेत माणसं गमावली, २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छतं पांढरी करायला घेतली. महापालिकेनं मनावर घेतलं तर आपल्याकडेही होईल.

३. माळवदाची घरं उगाच गार नसायची. लाकडावरच्या मातीच्या जाड थरातून ऊन आत झिरपेपर्यंत संध्याकाळ व्हायची. मात्र दर पावसाळ्याआधी माती टाकायला माणूस लागतो, आणि घरात दोन म्हातारी माणसंच असतील तर ते जमत नाही.

४. कूलर लावा, पण समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत नुसता दमटपणा साठतो. खोलीच चाळिशीपलीकडे तापली असेल तर पंखा गरम हवाच अंगावर टाकतो. आधी अंग ओल्या फडक्यानं पुसायचं, मग पंखा.

५. "पाणी हवं का?" असं विचारू नका, तांब्या-भांडं हातात द्या. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. त्यात आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि जन्मभर घागरी मोजलेली बाई स्वतःच्या पिण्यातही काटकसर करते. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारा. मनानं बंद करू नका.

६. अंग तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर वाट बघू नका. ओलं करा, वारा घाला, दवाखाना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

७. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांनी कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांबरोबर वर्षानुवर्षं लढून पक्की घरं मिळवली. आधी गोदूताई परुळेकर वसाहतीतली दहा हजार, मग रे नगरची तीस हजार. त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं. पत्र्याखाली आयुष्य काढलेल्या बाईला डोक्यावर स्लॅब म्हणजे काय, हे मी जवळून पाहिलंय. त्या स्लॅबखाली या बायका आता म्हाताऱ्या होणार. म्हणून अशा प्रत्येक योजनेच्या टेंडरमध्येच पांढरं छत आणि पश्चिमेच्या भिंतीला सावली धरलेली असावी. बांधताना हे थोडक्यात होतं, नंतर त्याचा भार पेन्शनवर जगणाऱ्या बाईवर पडतो.