इतिवृत्ताची वही : युवक मंडळाच्या कार्याची नोंद

इतिहास विषयात एम. ए. झालेल्या माझ्यापाशी माझ्याच वस्तीतील युवक मंडळाच्या कार्याचा एकही कागद नाही, ही कबुली प्रथमच देतो. समाजमंदिराच्या एका खोलीत आम्ही नऊ वर्षे अभ्यासिका चालविली. पुढे त्या जागेचा प्रश्न निघाला, तेव्हा संबंधित कार्यालयाने विचारले, "अभ्यासिका केव्हा सुरू झाली? कोण चालवीत होते? किती मुले येत होती? कागद दाखवा." आमच्याजवळ केवळ आठवणी होत्या. बैठकीतील ठराव सुट्या कागदावर, तर हिशेब जयंतीच्या निमंत्रणपत्रिकेच्या मागे लिहिलेला होता. ते कागद केव्हाच नाहीसे झाले होते. खोली गेली, मुलांची अभ्यासाची जागा गेली. मंडळाचा सचिव मीच होतो. म्हणून हा पाठ मी प्रथम स्वतःला आणि मग आपणांस सांगत आहे.

२० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, हे आपल्या मुलांना पाठ असते. परंतु त्याच वर्षीच्या डिसेंबरात दाखल झालेला दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची रूढी पुरातन आहे, असे वादींचे म्हणणे होते. तळे नगरपालिकेचे ठरले आणि रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निर्णय दिला. पाणी ओंजळीत घेण्यास धैर्य लागले. तो हक्क न्यायालयात टिकविण्यास पुरावा लागला. चळवळीला दोन्हींची गरज असते.

नोंद नसली म्हणजे काय होते, याचे दुसरे उदाहरण आपल्या माता-भगिनींचे आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे दलित महिलांची परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरली आणि हजारो स्त्रिया तेथे जमल्या. तरीही आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचे कार्य दीर्घकाळ फारसे लिहिले गेले नाही. उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी अशा स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ मध्ये सिद्ध केला. या मुलाखती आणखी काही वर्षे लांबल्या असत्या, तर किती आवाज कायमचे हरवले असते!

मग नोंद कशी असावी? याचा उत्तम नमुना आपल्याच बौद्ध लेण्यांत आहे. कार्ले येथील चैत्यगृहात स्तंभांवर व दारापाशी दानलेख कोरलेले आहेत. एकेका ओळीत दात्याचे नाव, गाव आणि दान येते. कोठे व्यवसायही येतो. त्यांत धेनुकाकट गावच्या एका सुताराचेही नाव आहे. सुमारे दोन हजार वर्षांनंतर आज आपण त्या श्रमिकाला नावाने ओळखतो, ते या एका ओळीमुळे. कोणी, कोठून, काय केले, एवढे लिहिले तरी माणूस विस्मृतीतून वाचतो. आपण त्यात तारीख आणि खर्च यांची भर घालावी.

युवक मंडळाने पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. इतिवृत्तासाठी बांधीव वही घ्यावी व तिच्या पानांना आधीच क्रमांक द्यावेत. पान फाडू नये. चूक झाल्यास एक रेघ मारून शेजारी स्वाक्षरी करावी.

२. प्रत्येक उपक्रमाची नोंद त्याच दिवशी करावी. दिनांक, स्थळ, उपस्थितांची पूर्ण नावे, झालेले काम आणि ठरलेले पुढील काम लिहावे. 'बरेच लोक होते' असे न लिहिता संख्या मोजून लिहावी.

३. जमाखर्चाची कीर्द वेगळी ठेवावी. वर्गणी पाच रुपये असली तरी पावती द्यावी. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी झालेल्या मंडळांना हिशेब ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. इतरांनीही तो नीतीचा भाग मानावा.

४. मोबाईलमधील छायाचित्रे मोबाईलबरोबर जातात. निवडक छायाचित्रे छापून घ्यावीत आणि मागे दिनांक व डावीकडून उजवीकडे नावे लिहावीत.

५. अपयशही लिहावे.

पाचवा मुद्दा मुलांना सर्वांत जड जातो. म्हणून नमुन्यादाखल एक कल्पित नोंद देतो : 'रविवार. उपस्थित १४. अभ्यासिकेसाठी दोन दिवे घेतले, खर्च ६४० रुपये, पावती क्र. ७. सायंकाळी सातनंतर मुली थांबत नाहीत. रस्त्यावर उजेड नाही. वेळ एक तास अलीकडे घ्यावी व दिव्यासाठी ग्रामपंचायतीस अर्ज द्यावा, असे ठरले.' या चार ओळींत हिशेब आहे, अडचण आहे आणि उपायही आहे. उद्या तो अर्ज दडपला गेला, तर मागणी केव्हा झाली हे सांगणारी वहीही आहे. केवळ 'कार्यक्रम उत्साहात पार पडला' एवढेच लिहिले असते, तर यातील काहीच उरले नसते.

पालक आणि माजी विद्यार्थी यांना एक विनंती. ही वही मुलांच्या वतीने आपण लिहू नये. मोडकीतोडकी का असेना, ती त्यांच्या हातची असावी. लेखनाची जबाबदारी आळीपाळीने मुलामुलींना द्यावी; 'अक्षर चांगले' म्हणून ती एकाच मुलीवर लादू नये. बैठकीची शेवटची दहा मिनिटे लेखनासाठी राखावीत, पुढील बैठकीच्या आरंभी ते वाचून दाखवावे आणि दुरुस्तीनंतर अध्यक्ष-सचिवांनी स्वाक्षरी करावी. वर्षाअखेर वहीची छायाप्रत विद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी, म्हणजे एका घरातील आग, पूर वा भांडण तिला नाहीसे करू शकणार नाही.

ज्यांना लेखणी धरण्याचाच अधिकार नाकारला गेला, त्यांचा इतिहास बहुधा इतरांनी लिहिला. आज लेखणी आपल्या मुलांच्या हातात आहे. आमची अभ्यासिका परत येणार नाही. पण आपल्या वस्तीत आज जी मुले दिवा लावून बसली आहेत, त्यांच्या हाती येत्या रविवारी एक कोरी वही अवश्य द्यावी.

जय भीम! नमो बुद्धाय!