पाण्याच्या टँकरपासून तेलाच्या टँकरपर्यंत : एका जहाजाची गोष्ट



'टँकर' म्हटलं की आपल्या नगर जिल्ह्यातल्या मुलांना उन्हाळ्यात येणारा पाण्याचा टँकरच आठवतो. म्हणून पाचवीला जलवाहतूक शिकवताना मी तिथूनच सुरुवात केली. 10 हजार लिटरचा टँकर म्हणजे 10 टन पाणी. मग फळ्यावर आकडा लिहिला : 5,64,763 टन. एवढा भार वाहणारं तेलवाहू जहाज होतं, 'सीवाइज जायंट'. भागाकार मुलांनीच केला. आपले 56 हजारांहून जास्त टँकर! लांबी 458 मीटर.

जहाजाचा जीवनप्रवास :

● 1979 : जपानमधील ओप्पामा येथे बांधणी. मूळ ग्राहकाने घेतलं नाही. हाँगकाँगचे सी. वाय. तुंग यांनी विकत घेऊन लांबी वाढवून घेतली.
● 1988 : इराण-इराक युद्धात लारक बेटाजवळ इराकी विमानांचा हल्ला. जहाज पेटलं आणि उथळ पाण्यात बुडालं.
● 1991 : बाहेर काढून, सिंगापूरला दुरुस्त होऊन पुन्हा समुद्रात. नवं नाव 'यारे वायकिंग'.
● 2004 : 'नॉक नेविस' नावाने कतारजवळ एकाच जागी उभं राहून तेल साठवण्याचं काम.
● 2009 : शेवटचं नाव 'माँट'. गुजरातमधील अलंग किनाऱ्यावर आणून नंतर तोडलं.

अलंगच का? खंभातच्या आखातात भरती-ओहोटीत खूप फरक असतो. मोठ्या भरतीला जहाज किनाऱ्यावर चढवतात. पाणी ओसरलं की ते कोरडं पडतं. मग कामगार गॅस कटरने ते कापतात. त्या पोलादाच्या पुढे सळया होतात.

इथे एका मुलीने हात वर केला. "सर, टाकीत तेलाची वाफ राहिली असंल तर? माझे पप्पा गॅस कटिंग करतात. जुनी टाकी साफ केल्याशिवाय ते कटर लावत नाहीत."

वर्ग शांत झाला. मीही. 'सर्वात मोठे' सांगण्याच्या नादात माझ्या पाठात ती माणसंच नव्हती. अलंगला ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहारकडून कामगार येतात. आग, स्फोट, उंचावरून पडणं हे धोके रोजचेच. जहाजाचा 36 टनी नांगर हाँगकाँगला जपून ठेवलाय. कापणाऱ्या हातांची आठवण निदान आपल्या वर्गात तरी राहावी.

उपक्रम :
1) शाळेपासून 458 मीटर अंतर दोरीने मोजा.
2) आई-वडिलांच्या कामात कोणते धोके आहेत, ते कोणती काळजी घेतात, हे विचारून पाच वाक्ये लिहा.

दुसरा उपक्रम नक्की घ्या. पालकहो, मुलांनी विचारलं तर वेळ काढून सांगा.