नाटकाचा हिशेब तालमीआधीच

बीड जिल्ह्यात, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांबरोबर आम्ही नाटक बसवतो. प्रयोग झाला की कोणीतरी विचारतंच, ‘यानं फरक काय पडला?’ त्याचं उत्तर कसं शोधायचं, हे पहिल्या तालमीआधी ठरवलेलं बरं. त्यातून हाती लागलेलं थोडंसं :

१. ‘आत्मविश्वास वाढेल’ हे वाक्य प्रस्तावात शोभतं, मोजायला बसलं की निसटतं. तो कशात दिसेल, ते आधी लिहायचं. आमच्या वहीत असं आहे : मूल न सांगता संवाद बदलून बघतं का, दुसऱ्याला ‘तू इकडून ये’ म्हणतं का, मुलगी मुलाचं बोलणं मध्येच तोडते का. दोघांनी स्वतंत्रपणे लिहायचं, मग ताडून पाहायचं. तालीम घेणाऱ्याला सगळीच मुलं फुललेली दिसतात.

२. यादी आवरती घ्या. ब्रिटनमध्ये फ्रान्स्वा मातारासो यांनी १९९७च्या अहवालात कलाप्रकल्पांतल्या सहभागाचे ५० सामाजिक परिणाम मांडले. २००२ मध्ये पाओला मेर्ली यांनी त्या अभ्यासाच्या पद्धतीवरच बोट ठेवलं. हा वाद जरूर वाचावा. आपण मात्र दोनच परिणाम धरावेत.

३. निधी देणाऱ्या कंपनीच्या आर्थिक वर्षाआधी गावाचं वर्ष बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे निघतात, परततात त्या होळी-पाडव्याच्या आगेमागे. आधीची नोंद गणपतीच्या दिवसांत घेतली आणि नंतरची जानेवारीत, तर निम्मी मुलं फडात असतात. मागं उरतात ती आजीआजोबांजवळ राहिलेली, त्यातल्या त्यात स्थिर घरातली मुलं, आणि आकडे उगाच सुधारलेले दिसतात. म्हणून आम्ही दुसरी नोंद टोळ्या परतल्यावरच घेतो. हजेरीत ‘गैरहजर’ आणि ‘तोडीला गेला’ असे दोन वेगळे रकाने ठेवतो. मूल नाटकाला कंटाळून गेलं की कोयत्यामागे गेलं, हे त्याशिवाय कळत नाही.

४. लेखी फॉर्म मुलांना परीक्षाच वाटतो. ‘ताई, बरोबर कोणतं लिहू?’ असं विचारतात, आणि मग पानोपानी ‘खूप छान वाटले’. त्यापेक्षा जमिनीवर खडूनं रेघ ओढा : एका टोकाला ‘मला बोलायला भीती वाटते’, दुसऱ्याला ‘अजिबात नाही’. मुलांना त्यावर उभं राहू द्या. मात्र म्होरक्या जाईल तिकडे बाकीचे पळतात, म्हणून एकेकाला बोलवायचं.

५. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) २०२१च्या नियमांनुसार परिणामांचं मूल्यमापन बंधनकारक आहे ते सीएसआरची सरासरी जबाबदारी १० कोटी किंवा जास्त असलेल्या कंपन्यांना, आणि तेही १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांसाठी. आपली नाटुकली त्यात कुठून येणार! पण प्रकल्प संपून निदान वर्ष झाल्यावर तपासायचं, ही त्यातली अट मोलाची. त्या फेरीचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरा. नंतर कोणी देत नाही.

६. गोष्टी जमवा, पण निवडीचं कारणही लिहा. रिक डेव्हिस यांनी बांगलादेशात बसवलेल्या पद्धतीत लोक ‘सर्वांत महत्त्वाचा बदल’ सांगतात आणि त्यातली कोणती गोष्ट पुढं न्यायची, यावर गट भांडतो. ते भांडण टिपून ठेवावं. गाव कशाला बदल मानतं, ते तिथं कळतं.

७. अहवाल पाठवण्याआधी गावात वाचा. ‘मुलं वर्गात प्रश्न विचारू लागली’ हे आम्ही वाचलं, तर एक आई म्हणाल्या, ‘औंदा शाळंत नव्या बाई आल्यात, त्यांचं काय?’ नव्या बाईंचाही उल्लेख अहवालात गेला. निधी देणाऱ्यांनी एवढंच विचारलं, त्या बाई पुढच्या वर्षी तालमीला येतील का?