घर लावण्याआधी

चि. सायली,


इंटिरियरवाल्याचं कोटेशन वाचलं. माणूस लबाड वाटत नाही, पण त्याने डोळ्यांना दिसेल तिथे पैसे ओतलेत. तू ते पैसे पाणी आणि हात लागतात तिथे घाल.

बाथरूमच्या टाइल्स बदलायचं मनातून काढून टाक. तोडफोड, डेब्रिज, पुन्हा वॉटरप्रूफिंग, आणि वर बिल्डरला हात झटकायला निमित्त. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो त्यानेच फुकट दुरुस्त करायचा, तोही कळवल्यापासून ३० दिवसांत. तेव्हा आधी बाथरूमच्या जाळीचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेव आणि खालच्या मजल्यावर छत ओलावतंय का ते विचार. ओलावत असेल तर लेखी कळव.

आता सुतारकाम, खरा खर्च इथेच. भाव समोरून दिसणाऱ्या चौरस फुटावर असतो. सात बाय सातचं कपाट म्हणजे ४९ फूट. लॉफ्ट त्यात धरलाय की वेगळा, ते लिहून घे. कोटेशनमध्ये त्याने घरभर आयएस ७१० चं मरीन प्लाय लावलंय. बेडरूमच्या कोरड्या भिंतीला ते कशाला? तिथे आयएस ३०३ चं चालतं. शिक्का मात्र शीटवर स्वतः बघायचा. शीट येते आठ बाय चारची. कपाटाची खोली पावणेचोवीस इंच ठेवलीस तर तिच्या रुंदीत दोन उभ्या पट्ट्या बसतात. नकाशात पंचवीस आहे, म्हणजे दुसरी पट्टी निघतच नाही. हा सव्वा इंच फार महाग पडतो.

ओट्याखाली प्लायचा सांगाडा नकोच. कडप्प्याचे कप्पे करून बाहेरून फक्त दारं लाव. ना वाळवी, ना सिंक गळलं की फुगणं. जुनाट दिसेल म्हणशील. दारं मिटल्यावर आत कोण बघतंय? वाचलेल्या पैशांतून बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनेल चांगले घे. तिथे काटकसर केलीस तर दारं वर्षभरात लोंबायला लागतील.

महागडा रंग एक पावसाळा जाईपर्यंत थांबव. नव्या भिंतीतली ओल निघायला वेळ लागतो, आणि बीम व विटांच्या सांध्यावर बारीक चिरा पडतात त्याही बहुतेक पहिल्या वर्षातच. तोवर बिल्डरचा पांढरा रंग राहू दे. हॉलचं फॉल्स सीलिंगही वगळ. तुमच्या छताची उंची आधीच बेताची आहे.

फ्लोअरिंगच्या उरलेल्या टाइल्सची एक पेटी बिल्डरकडून मागून घे. पुढे एखादी फुटली तर त्याच शेडची मिळणं कठीण.

नवं कोटेशन आलं की पाठव. जावईबापूंना काळ्या चकचकीत लॅमिनेटचाच हट्ट असेल तर होऊ दे, फक्त बोटांचे ठसे पुसायचं काम त्यांच्याकडे सोपव.

तुझा
मामा