घरच्या इंटरनेटला वेग किती हवा?



हा पाठ आम्ही एका चुकीपासून सुरू करतो, आणि ती चूक आमचीच आहे. आठवीतला एक विद्यार्थी ऑनलाइन तासाला मध्येच गायब व्हायचा. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यायचे नाही, चित्र गोठायचे. आम्ही समजलो, मुलगा खेळत बसतो. वहीत तसा शेरा मारला आणि त्याने घरी बोलणी खाल्ली. वडिलांनी ५० एमबीपीएसचा प्लॅन बदलून २०० चा घेतला, तरी तक्रार तशीच राहिली. शेवटी कळले ते असे. घर दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात, राउटर पुढच्या खोलीत लोखंडी कपाटामागे, आणि मुलगा अभ्यासाला बसायचा मागच्या खोलीत, दोन जाड भिंतींपलीकडे. राउटर मधल्या खोलीत उंचावर ठेवला आणि दुखणे गेले. मुलाची क्षमा आम्ही मागितली. पण वाढीव पैसे वर्षभरासाठी भरून झाले होते.

म्हणून वेग विकत घेण्याआधी तो मोजायला शिकूया.

एमबीपीएस म्हणजे काय?

एका सेकंदाला किती मेगाबिट माहिती येते, ते हे माप सांगते. फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये असतो, आणि ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणून ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट. ५०० मेगाबाइटची फाइल यायला १०० सेकंद लागतील. तीच फाइल १०० एमबीपीएसवर ४० सेकंदांत येईल. फरक एका मिनिटाचा! त्या मिनिटासाठी दरमहा किती जास्त द्यायचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

जाहिरातीतल्या 'ब्रॉडबँड' या शब्दावर जाऊ नये. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हटले होते; जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस अशी व्याख्या आहे. म्हणजे नुसत्या नावावरून वेग कळत नाही. आकडाच विचारावा.

घरची बेरीज कशी करावी?

दिवसभराचा वापर मोजायचा नाही. सगळे एकाच वेळी इंटरनेट वापरतात तो तास मोजायचा. बहुतेक घरांत तो रात्री आठ ते नऊ असतो. ढोबळ हिशेब असा:

टीव्हीवर चांगल्या प्रतीचा चित्रपट – ५ एमबीपीएस
मुलाचा ऑनलाइन तास – ४
बाबांची कचेरीची व्हिडिओ बैठक – ४
आजीचा पुण्याच्या आत्याशी व्हिडिओ कॉल – २
निरोप, बातम्या, इतर किरकोळ – १

एकूण १६. अडीअडचणीसाठी याची दुप्पट धरली तर ३२. म्हणजे या घराला ४० एमबीपीएस पुरे. टीव्ही फोर-के असेल आणि तसेच चित्रपट पाहायचे असतील, तर ५ च्या जागी १५ धरावे. मग बेरीज २६, दुप्पट ५२; तेव्हा ६० च्या आसपासचा प्लॅन पाहावा.

जाणाऱ्या वेगाचे काय?

येणारा वेग म्हणजे डाउनलोड, जाणारा वेग म्हणजे अपलोड. चित्रपट पाहताना माहिती येते. तासाला मात्र आपला चेहरा, आवाज आणि गृहपाठाचे फोटो बाहेर जातात. वरच्या उदाहरणात तास, बैठक आणि कॉल मिळून १० एमबीपीएसपर्यंत अपलोड लागू शकते. काही जोडण्यांत अपलोड फारच कमी असते. म्हणून कंपनीच्या माणसाला दोन्ही आकडे विचारावेत. ठराविक माहिती वापरून झाल्यावर वेग उतरतो का, हेही विचारून घ्यावे.

दोष कुठे आहे?

टाकीपासून दोन इंची नळ आणला आणि तोटी अर्धा इंची बसवली, तर पाणी तोटीएवढेच येणार. वाय-फायचेही तसेच आहे. आधी संगणक वायरने राउटरला जोडून वेग तपासावा, मग अभ्यासाच्या खोलीत तपासावा. वायरीवरच कमी मिळाला तर कंपनीकडे तक्रार करावी. वायरीवर बरोबर आणि खोलीत कमी असेल, तर महाग प्लॅन घेऊन उपयोग नाही. राउटरची जागा बदलावी. राउटरवर दोन पट्टे असतील तर ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकतो, २.४ चा संथ, पण लांब पोचतो. काही जुन्या राउटरांची वायरची खाच १०० एमबीपीएसपेक्षा जास्त देऊच शकत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

दरमहा ३०० रुपये जास्त दिले तर वर्षाला ३,६०० होतात. १८ टक्के जीएसटी धरून ४,२४८. एवढ्यात मुलाची वर्षाची पुस्तके-वह्या येतील.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. काही मुलांच्या घरी जोडणीच नाही. त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर संगणक कक्ष रोज एक तास उघडा ठेवता आला तर फार बरे होईल. थांबायला आम्ही तयार आहोत.

गृहपाठ: (१) आपल्या घरच्या सर्वांत गर्दीच्या तासाची बेरीज करा व दुप्पट काढा. (२) राउटरजवळ व अभ्यासाच्या जागी वेग मोजून दोन्ही आकडे लिहा. (३) घरचा प्लॅन कमी आहे, पुरेसा आहे की जास्त, ते आई-बाबांना हिशेब दाखवून सांगा. वही सोमवारी आणावी. ज्यांच्या खोलीतला आकडा फार कमी येईल, त्यांनी न लाजता आम्हाला सांगावे. या वेळी शेरा मारण्याआधी आम्ही आकडा पाहू.