‘अस्मितादर्श’ : नियतकालिक आणि त्याचा गोतावळा

वाङ्मयीन नियतकालिकाचा अभ्यास करताना आपण बहुधा त्याचे अंक समोर ठेवतो. कोणाची कविता कोठे आली, कोणत्या लेखाने वाद माजला, संपादकाची भूमिका काय होती, हे नोंदवले की अभ्यास संपतो. परंतु अंक टपालातून गावी पोचल्यावर वाचणाऱ्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ‘अस्मितादर्श’ या त्रैमासिकाच्या बाबतीत मात्र तो प्रश्न विचारल्याशिवाय त्याचे खरे कार्य ध्यानात येत नाही. प्रस्तुत लेखात त्याच अंगाने थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम त्या काळची परिस्थिती पाहू. साठच्या दशकात मराठी साहित्यात ‘सत्यकथा’ मासिकाचा दबदबा होता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी साक्षेपी संपादनाचा आदर्श घालून दिला, हे कोणीही मान्य करील. पण त्या दारातून आत जाता येत नाही, असे वाटणारी तरुण पिढीही तेव्हा तयार झाली होती. अशोक शहाणे यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’, राजा ढाले यांचे ‘येरू’ अशी अनियतकालिके निघाली. १९६९ मध्ये तर ‘सत्यकथे’ची जाहीर होळी झाली. या चळवळीने मराठी कवितेची भाषा बदलली, यात शंका नाही. मात्र ‘अनियतकालिक’ या नावातच तिची शक्ती होती आणि मर्यादाही. पैसे जमले की अंक काढायचा, मन उडाले की बंद करायचा. जवळ राहणाऱ्या, रोज भेटणाऱ्या मित्रांना हे परवडते. अंक निघाला नाही तरी गप्पा थांबत नाहीत.

दूरच्या खेड्यात एकट्याने लिहिणाऱ्याचे तसे नसते. त्याला भेटायला कोणी नसते. त्याच्याकडे येतो तो पोस्टमन. म्हणूनच ‘अस्मितादर्श’ने निवडलेली वाट निराळी होती, ती नियमितपणाची.

या वाटेला पूर्वपरंपरा आहे आणि तिचा एक धागा आपल्या विदर्भातला आहे. नागपूर भागातील किसन फागोजी बनसोड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘मजूर पत्रिका’ अशी पत्रे चालवली. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले. त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साह्य केले होते. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले. ही पत्रे फार काळ टिकली नाहीत. ज्यांच्यासाठी ती काढली, त्यांच्यापैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते आणि वर्गणी भरण्याची ऐपत त्याहूनही थोड्यांची होती. विचार कितीही मोठा असला, तरी कागद, छपाई आणि टपालहशील यांचा हिशेब जुळावा लागतो, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

वाचता येणारी पिढी पुढे तयार झाली ती महाविद्यालयांतून. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. घराण्यात पहिल्यांदाच पाटी हाती धरलेली मुले तेथे पदवीपर्यंत पोचली. प्राचार्य म. ना. वानखडे यांच्यासारखे प्राध्यापक या मुलांना लिहिते करीत होते. या वातावरणात १९६७ मध्ये ‘अस्मिता’ निघाले आणि लवकरच त्याचे ‘अस्मितादर्श’ झाले. संपादक होते डॉ. गंगाधर पानतावणे. त्यांचा जन्म नागपूरचा, १९३७ सालचा. २७ मार्च २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे सुमारे पन्नास वर्षे हा भार त्यांनी वाहिला. ‘पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा ग्रंथ त्यांनीच लिहिला. आधीची पत्रे का बंद पडली, हे त्यांच्याइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल!

‘अस्मितादर्श’च्या पानांतून दलित साहित्य म्हणजे काय, त्याची प्रेरणा कोणती, त्याचे मूल्यमापन कोणत्या कसोट्यांनी करावे, याची चर्चा वर्षानुवर्षे चालली. कविता आणि समीक्षा येथे शेजारी शेजारी वाढल्या. परंतु माझ्या मते या त्रैमासिकाची सर्वांत मोलाची निर्मिती छापील नव्हती. ती म्हणजे ‘अस्मितादर्श लेखक-वाचक मेळावा’. निरनिराळ्या गावी भरणाऱ्या या मेळाव्यांत परिसंवाद होत, कविसंमेलने होत. जे एकमेकांना केवळ छापील नावाने ओळखत, ते समोरासमोर बसत.

मेळाव्याचे नावच पाहावे. साहित्य संमेलनात लेखक व्यासपीठावर असतो आणि वाचक समोर खुर्चीत. येथे दोघांना एका लहानशा जोडरेघेने बांधले आहे. आज ऐकणारा उद्या लिहील, अशी अपेक्षा त्या रेघेत आहे. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यातील तरुणाला ‘तुझे अनुभवही साहित्याचा विषय आहेत’ असे लेखातून सांगणे सोपे आहे. पण आपल्यासारखाच दुसरा कोणी उभा राहून आपल्या वस्तीच्या बोलीत कविता वाचतो आणि सभागृह ती ऐकून घेते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर जो धीर येतो, तो लेखाने येत नाही.

या प्रयत्नावर आक्षेपही घेतले गेले. वेगळे मासिक आणि वेगळा मेळावा म्हणजे साहित्यात सवतासुभा नव्हे काय, असे विचारले जाई. याला उत्तर असे की, ज्याला वाड्यात प्रवेश नव्हता त्याने आपले घर बांधले, तर दोष घर बांधणाऱ्याला देता येत नाही. शिवाय या घरातील चर्चेने पुढे साऱ्या मराठी समीक्षेलाच आपल्या कसोट्या तपासून पाहावयास लावले. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. गोतावळा जमला की परस्परांचे कौतुक वाढते आणि परखड टीका मागे पडते. हा धोका प्रत्येक लहान नियतकालिकाला असतो. तिसरी अडचण त्याहून मोठी. पन्नास वर्षे एकाच माणसाच्या खांद्यावर पालखी राहिली, तर तो खांदा गेल्यावर ती कोणी उचलायची? मराठीतील कितीतरी चांगली नियतकालिके वाचकांअभावी बंद पडली नाहीत. दुसरा खांदा वेळेवर तयार झाला नाही म्हणून ती थांबली.

आता थोडे आपल्याकडे वळू. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला गोंदिया जिल्हा धानाचा, तलावांचा आणि बिडी उद्योगाचा. येथे बोलली जाणारी झाडीबोली आपण घरी बोलतो आणि महाविद्यालयाच्या फाटकाशी सोडून येतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांच्या पुढाकाराने झाडीबोलीची साहित्य संमेलने भरू लागली, तेव्हा या बोलीतही लिहिता येते, हा धीर पुष्कळांना आला. ‘अस्मितादर्श’ची आणि या संमेलनांची कारणे वेगळी आहेत, जातीच्या वेदनेची बरोबरी बोलीच्या उपेक्षेशी करता येणार नाही. तरी माणसे एकत्र आल्यावाचून लाज जात नाही आणि लाज गेल्यावाचून लेखणी चालत नाही, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच आहे.

आपला वार्षिकांक वर्षातून एकदा निघतो. आपण लेख देतो, छापलेले नाव पाहतो, अंक घरी नेतो. रोवणीच्या दिवसांत आईबरोबर बांधीत उतरणारी किंवा उन्हाळ्यात तेंदूपाने तोडायला जाणारी आपलीच एखादी मैत्रीण तो अंक वाचून काय म्हणाली, हे आपल्याला कधीच कळत नाही. अंक निघाल्यावर एका दुपारी लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी एका वर्गात बसावे, एवढे तरी आपण करू शकतो. त्याला निधी लागत नाही. ती दुपार झाली, तर पुढच्या अंकासाठी लेख मागत फिरण्याची पाळी संपादक मंडळावर कदाचित येणार नाही.