वारली चित्रकलेची कार्यशाळा : कशी घ्यावी, कोणी घ्यावी

वारली चित्रकलेच्या कार्यशाळा हल्ली ठिकठिकाणी भरतात. आपल्या संस्थेच्या सभागृहातही त्या दोनदा भरल्या. पहिल्या वेळी आम्ही पांढऱ्या पोस्टर कलरच्या बाटल्या, चॉकलेटी कार्डशीट आणि छापील नमुने आणले. शिकविणारे आमच्यातलेच एक हौशी गृहस्थ. दोन तासांत चाळीस मुलांनी चाळीस सारखीच चित्रे काढली. पालक खूश झाले. पण एका मुलीने विचारले, "काका, ही माणसं गोल का नाचतात?" मी कला शाखेचा पदवीधर, मलाही उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या वेळी डहाणूकडील एक वारली बाई व त्यांचा मुलगा यांना बोलाविले. छापील नमुने त्यांनी बाजूला ठेवायला सांगितले. पहिला तास चित्राशिवायच गेला. भिजविलेले तांदूळ वाटायचे, त्यात बेताने पाणी घालायचे. पाणी जास्त झाले की रेघ ओघळते, कमी झाले की तुटते. कागदावर रंग टिकावा म्हणून थोडा डिंक. कागदाला आधी गेरूचा हात. घरी भिंत असते तेव्हा शेणाने सारवून त्यावर गेरू देतात. कुंचला म्हणजे बांबूची काडी. तिचे टोक चावून चावून तंतू सुटे करायचे. मुलांना हा भाग सर्वांत आवडला, हे सांगायला नकोच.

मग आकृती. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणसाचे धड झाले. वरचा त्रिकोण सरळ ठेवला तर माणूस उभा, पुढे कलता केला तर तोच भाताची लावणी करतो. एवढ्या एका युक्तीवर सारे शेत, शिकार, पाणवठा उभा राहतो. तारपा नाचात आधी तारपावाला काढायचा. तारपा हे सुका भोपळा आणि बांबू यांचे फुंकून वाजवायचे वाद्य. नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरते आणि तारप्याकडे पाठ करीत नाही. त्या मुलीला उत्तर मिळाले.

विद्यार्थ्यांनी पुढील भाग नीट लक्षात घ्यावा. मूळ वारली चित्र म्हणजे लग्नाचा चौक. तो सवाशिणी घराच्या भिंतीवर लिहितात, मध्ये पालघट देवी असते, आणि लग्नाचे विधी धवलेरी ही स्त्री गाण्यांतून लावते. म्हणजे चित्रही बाईचे आणि विधीही बाईचा! आपल्या वर्गात चौक काढला नाही. तो लग्नघराचा आहे, असे बाई म्हणाल्या, आणि ते योग्यच होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद व रंग नेले आणि ही कला भिंतीवरून कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे यांची कीर्ती परदेशांत पोहोचली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले. त्यांची थोरवी निर्विवाद आहे. पण भिंतीवर लिहिणाऱ्या बायांची नावे कोणी टिपून ठेवली?

आणखी एक गोष्ट छापील नमुन्यांत कधीच नसते. ज्या लग्नाचा चौक एवढा देखणा, त्याच लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे उचलणारा वारली फेडीपोटी बायकोसह वर्षानुवर्षे राबत असे. त्याला 'लग्नगडी' म्हणत. मे १९४५ मध्ये झरी येथील परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो लढा आहे. ते संस्थेच्या वाचनालयात असायला हवे. वेठ म्हणजे काय, हे आपल्या घरांत तरी समजावून सांगावे लागू नये.

आता हिशेबाचे बोलतो, कारण माझा धंदाच तो. संगणक शिकविणाऱ्याला आपण तासाप्रमाणे पैसे देतो आणि लोककलाकाराची मात्र पुष्पगुच्छ व प्रवासखर्च यांवर बोळवण करतो. या वेळी समितीत वाद झाला, पण दर दोघांना सारखाच ठरला. व्हाउचर मी मुलाच्या नावाने लिहू लागलो, तेव्हा त्यानेच हात धरला. "आईच्या नावानं लिहा साहेब, शिकवलं तिनं." मी ते फाडून दुसरे लिहिले. बाईंनी काडी खाली ठेवली, हात पुसला आणि सावकाश सही केली.